लोणच्याच्या बरणीतलं पाणी

उमरीकर बाई सकाळी वर्गात आल्या की पहिल्यांदा रुमाल ओला करून खिडकीच्या गजाला अडकवत. मधल्या सुट्टीनंतर तो वाळलेला असे. मग तो हातात धरून त्या मुलांना विचारत, "कुठं गेलं?"

म्हणजे रुमालातलं पाणी. मुलं ओरडत, "हवेत!" बाई खिडकीतून वर बघत, जणू त्यांना ते जाताना दिसत होतं. पाण्याचा धडा असो नसो, हे रोज चाले.

जामबागेतल्या त्या मराठी शाळेत मी मावशी होते. झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं, शिशुवर्गातल्या पोरांची नाकं पुसणं ही माझी कामं. बाई चौथीला शिकवत. त्यांना जाऊन आता सात महिने झाले. शाळेत शोकसभा झाली तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. सगळे चांगलं बोलले, आणि ते खरंही होतं. पण बाईंनी एकदा एका मुलीवर खोटा आळ घेतला होता, तो माझ्यामुळं, हे तिथं कुणी बोललं नाही, कारण ते मलाच माहीत होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. लिहिता येतं थोडं, तेही बाईंमुळं. म्हणून लिहिते आहे.

बाई उंचीनं कमी आणि चालायला झपाझप. साडी कायम सुती, चष्मा काळ्या दोऱ्यानं गळ्यात, पदराला खडूची भुकटी. पाणी पिताना पेला ओठाला लावत नसत आणि कधीच भरून घेत नसत. अर्धा पेला. कुणी पोरानं पेला भरून घेऊन निम्मं पाणी टाकलं की रागवत नसत, नुसतं म्हणत, "लांबून आलंय रे ते. समुद्रातून निघून आकाशातनं आलंय. त्याला मोरीत कशाला ढकलतोस?" त्या पोराला इतकं ओशाळं वाटे की ते पाणी ते झाडाला नेऊन घाली.

पाण्याची रूपं शिकवायची तर त्या बर्फ घरून आणत. घर मलकपेठेत, शाळा जामबागेत. वाटीएवढा बर्फाचा गोळा टॉवेलात गुंडाळून डब्यात, डबा पिशवीत, आणि पिशवी मांडीवर घेऊन बाई बसमध्ये. शाळेत येईपर्यंत लिंबाएवढा उरलेला असे. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाई, कोपऱ्यावर रसवाल्याकडं बर्फ मिळतो की."

"तो बर्फ इथलाच. त्याला प्रवास कुठं घडलाय?" बाई म्हणाल्या, आणि डबा उघडून मुलांना दाखवला. "हे बघा. मलकपेठेला दगड होता. चादरघाटच्या पुलावर रडायला लागला. आता सांगा, बाकीचा कुठं गेला?"

मुलांनी टॉवेल पिळला. टॉवेलातून पाणी निघालं तेव्हा त्यांना झालेला आनंद मला अजून दिसतो.

मुलंही बाईंना ओळखून होती. एक दिवस एकानं गृहपाठ केला नव्हता. विचारल्यावर म्हणाला, "बाई, उडून गेला."

"कुठं गेला?"

"वर. ऊन फार होतं ना."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर. मग पाऊस पडला की येईल खाली. तोवर वही कोरडी नको राहायला, तेवढं दहा वेळा लिहून ठेव."

वर्गात चौदा मुलं. मराठी शिकायला आता इतकीच येत. त्यांतही कुणाच्या घरी दख्खनी हिंदी, कुणाच्या घरी तेलुगू. बाई पहिल्याच दिवशी विचारत, "घरी तहान लागली की काय मागता?" कुणी म्हणे पाणी, कुणी म्हणे पानी. लावण्या नावाची एक मुलगी होती, वडील आपल्याकडचे, मराठी, आई तेलुगू. ती म्हणाली, "नीळ्ळु." बाईंनी तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि खाली लिहिलं, 'तहान एकच'. मग बाजूला लिहिलं, बर्फ, पाणी, वाफ. त्याच्या खाली काही लिहिलं नाही. मुलांकडं बघत राहिल्या. लावण्यानंच हात वर केला. "बाई, तिथं पण एकच."

लावण्याचा हात सारखा वर असे. किटलीचा प्रयोग झाला त्या दिवशीही. मी ऑफिसातला स्टोव्ह वर्गात आणून पेटवला होता. किटलीच्या तोटीतून पांढरं येऊ लागलं. मुलं म्हणाली, वाफ, वाफ. बाई म्हणाल्या, "नाही. ते पांढरं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ दिसत नसते. तोटी आणि ते पांढरं, यांच्यामध्ये बोटभर रिकामी जागा दिसते का? काहीच नाही असं वाटतं ना? खरी वाफ तिथं आहे."

लावण्या म्हणाली, "मग बाई, तिथं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी तिथं थोडं वर एक थंड ताट धरलं. ताटाला थेंब जमले आणि ते टपटप खाली पडले. पण ताट खाली ठेवल्यावर बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अनसूयाबाई, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता."

शाळेत मला नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. बाकी सगळ्यांची मी मावशी.

मी चौथी शिकलेली. पुढची शाळा गावात नव्हती. मी दाराशी झाडू टेकवून धडा ऐकते हे बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी एक स्टूल दाराजवळ आणून ठेवलं, कुणासाठी ते सांगितलं नाही. महिनाभर मी त्याच्यावर बसले नाही. मग बसले. जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं त्या शिवून मला देत. "रोज पाच ओळी लिहा. काय दिसलं ते. दाखवायची गरज नाही."

एकदा मुलांकडून जलचक्राचं नाटक बसवलं. सूर्य, समुद्राच्या लाटा, वारा, डोंगर, नदी आणि काठची झाडं यांतच पोरं संपली. ढगाला कुणी उरलं नाही. बाई म्हणाल्या, "अनसूयाबाई, तुम्ही ढग."

"नको बाई. मला नाही जमायचं."

"ढगाला बोलायचं नसतं. नुसतं यायचं आणि पडायचं."

मी पांढरी साडी अंगावर घेऊन डोंगरापर्यंत गेले आणि पडायचं तिथं उभीच राहिले. पाय हलेनात. डोंगर झालेला पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, पडो ना!" सगळे हसले. शेवटी लावण्या, ती नदी होती, माझ्याखालून स्वतःच वाहत निघाली. बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "काही काही ढग असे असतात, नुसते भरून येतात."

तेव्हा मीही हसले होते.

पुढं फाल्गुनात बाईंनी घरून दोन काचेच्या बरण्या आणल्या. लोणच्याच्या. कितीही धुतल्या तरी हिंगाचा वास यायचा. दोन्हींत सारखं पाणी भरून खिडकीत ठेवलं. एकीला झाकण, दुसरी उघडी. उघड्या बरणीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली. रोज दहा वाजता पाणी कुठवर आहे तिथं शाईनं रेघ मारायची. आठवड्याला एक मूल पाणीवाला किंवा पाणीवाली. त्याच्याकडं मोजायची लाकडी पट्टी. एकोणीस रेघा झाल्या होत्या. पाणी इतकं सावकाश उतरत होतं की नुसतं बघून कळत नसे, रेघा बघितल्या की कळे. महिना भरला की सगळ्या पालकांना बोलवून दाखवायचं असं बाईंनी ठरवलं होतं. त्या आठवड्यात पाणीवाली लावण्या होती.

त्या दिवसांत शाळेचा नळ एक दिवसाआड येई. त्या वेळी मात्र तीन दिवस आला नव्हता. रांजण तळाला गेला होता. चौथ्या दिवशी मुलं घरी गेल्यावर, ऊन उतरताना, नळ आला. ज्यांच्या घरी असा नळ येतो त्यांना सांगायला नको. नळ आला की बाईमाणूस विचार करत नाही, भांडी शोधतं. शिळं ओतायचं, विसळायचं, ताजं भरायचं. दिवेलागणीला भांडं अर्धं ठेवायचं नाही, हे मला आईनं शिकवलेलं. मी रांजण भरला, बादल्या भरल्या, वर्गावर्गांतले माठ भरले. चौथीच्या खिडकीत एक बरणी झाकलेली, भरलेली दिसली. दुसरी उघडी, उतरलेली. मी ती उचलली, शिळं पाणी ओतलं, विसळली, काठोकाठ भरली, पदरानं बाहेरून पुसली आणि जागेवर ठेवली. मला सगळं माहीत होतं. रोज स्टुलावर बसून त्या रेघा मी बघत होते. पण त्या वेळी मी नव्हतेच तिथं, माझे हात होते.

सकाळी दहाला लावण्या ओरडली, "बाई!"

बरणी भरलेली होती. ओल्या पदरानं पट्टीवरची शाई पसरून सगळ्या रेघांचा एक निळा डाग झाला होता. मी दारात झाडू घेऊन उभी होते.

बाईंनी बरणी उचलून तो डाग बघितला. मग म्हणाल्या, "लावण्या, काल शेवटी बरणीजवळ कोण होतं?"

"मी, बाई. पण मी काही..."

"परवा तूच विचारलंस ना, पुन्हा पाणी ओतलं तर काय होईल म्हणून?"

"विचारलं होतं. ओतलं नाही."

"नुसतं विचारून बरणी भरत नाही, लावण्या."

मुलं हसली. बाईंनी हात पुढं केला. "पट्टी दे इकडं."

लावण्यानं लाकडी पट्टी टेबलावर ठेवली. ती रडली नाही. सगळ्यांकडं एकेकदा बघितलं तिनं. माझ्याकडंही. मी बादली उचलली आणि खाली निघून गेले.

माझी नोकरी कच्ची होती, म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. बाईंनी मला नोकरीवरून घालवू दिलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चौदा पोरांसमोर तोंड उघडायची मला लाज वाटली, एवढंच. दुपारी सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. आठ दिवसांनंतर सांगायचं तर आठ दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं.

बाईंनी बरण्या घरी नेल्या, पुन्हा कधी आणल्या नाहीत. पालकांना बोलावलं नाही. लावण्याचा हात वर होईनासा झाला. बाई तिला मुद्दाम विचारत, ती उभी राहून बरोबर उत्तर देई आणि खाली बसे. प्रश्न विचारत नसे. चौथी संपली, ती दुसऱ्या शाळेत गेली.

बाई निवृत्त झाल्यावरही मी दर संक्रांतीला मलकपेठेला जायची. त्या मला लोणचं देत, त्याच बरणीतलं. "तुम्हाला आवडतं ना?" मी हो म्हणायची. घरी आणून शेजारणीला द्यायची.

अशी बारा वर्षं गेली. मला रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या. गेल्या आषाढात काचीगुड्याला, आमच्या घराजवळच्या औषधांच्या दुकानात गेले, तर काउंटरमागची मुलगी म्हणाली, "मावशी! ओळखलं नाही? मी लावण्या. नदी!"

उंच झाली होती. बी.कॉम. करून तिथं लागली होती. गोळ्या कापता कापता हसत बोलत होती. मध्येच म्हणाली, "बाई भेटतात तुम्हाला? एक निरोप सांगाल? म्हणावं, बरणीत पाणी मी नव्हतं ओतलं."

"अजून लक्षात आहे तुझ्या?"

"हौ मावशी. हसायला येतं, पण आहे लक्षात." गोळ्यांची पुडी पुढं करताना मात्र ती हसत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी मलकपेठेला गेले. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, नुसता उकाडा. बाईंचे गुडघे गेले होते, पण चहा त्यांनीच टाकला. मी निरोप तेवढा सांगितला. निरोप देऊन उठायचं असं मी बसमध्ये ठरवलं होतं.

बाई पातेल्यावर झाकण धरून उभ्या राहिल्या. "ती म्हणाली असं? इतक्या वर्षांनी कुणी खोटं कशाला बोलेल?" मग माझ्याकडं न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग कुणी ओतलं?"

माझ्या तोंडून आवाज निघाला. "मी. नळ आला होता, बाई."

झाकणावरून थेंब गॅसवर पडून चर्र झालं. मला वाटलं, ओरडतील. बाईंनी गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. "माझ्या चपला काढता का जरा?"

"आत्ता? बाई, तुमचे गुडघे..."

"बारा वर्षं झाली, अनसूयाबाई."

"मी जाऊन सांगते तिला. तुम्ही नका येऊ."

"तुमचं तुम्ही सांगा. पण संशय मी घेतला. तिनं प्रश्न विचारला होता, म्हणून घेतला." भिंतीला धरून त्या चपलांत पाय घालू लागल्या. "इतकी वर्षं मुलांना म्हणत आले, विचारा, विचारा. एकीनं विचारलं, तर तिलाच पकडलं."

आम्ही रिक्षा केली. चादरघाटच्या पुलावर आल्या की बाई नेहमी वाकून नदीत पाणी किती आहे ते बघत. त्या दिवशी समोरच बघत होत्या.

दुकानासमोर रिक्षा थांबली. बाई उतरल्या, माझ्याकडं वळल्या. "येता?"

मी म्हटलं, "रिक्षा धरून ठेवते. परत मिळायची नाही."

रिक्षावाल्या मियांना ते ऐकू गेलं. म्हणाले, "मैं कहीं भागतूं क्या, अम्मा? जाओ ना तुम भी."

मी गेले नाही.

दुकानाला तीन पायऱ्या. बाई एकेका पायरीवर थांबत चढल्या. आत दोन गिऱ्हाइकं होती. लावण्या काउंटरच्या बाहेरच आली. "बाई! तुम्ही कशाला आलात? मीच आले असते की."

बाईंनी हात जोडले. त्यांचा वर्गातला आवाज, रस्त्यावरही ऐकू येणारा. "लावण्या, तू पाणी ओतलं नव्हतंस. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. सगळ्यांसमोर घेतला, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

"बाई, नक्को ना असं..." लावण्यानं त्यांचे हात धरून खाली केले. ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. डोळे पुसून तिनं विचारलं, "मग कुणी ओतलं होतं, बाई?"

मी रिक्षात पदर डोक्यावर ओढून घेतला. बाईंना नुसतं वळून रिक्षाकडं बघायचं होतं. त्या वळल्या नाहीत.

"त्या दिवशी नळ आला होता," त्या म्हणाल्या.

लावण्यानं पुढं काही विचारलं नाही. बाईंना खुर्ची दिली, थंड पाण्याची बाटली दिली. दोघी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या, ते मला ऐकू आलं नाही. एकदा लावण्यानं बाईंच्या खांद्यावरून रिक्षाकडं बघितलं. का बघितलं ते मला ठाऊक नाही.

याला आता वर्ष होईल. गोळ्या मी आता लांबून, कोठीच्या बाजारातल्या दुकानातून आणते. बाई हिवाळ्यात गेल्या, त्याआधी मी मलकपेठेला गेले नाही. काय तोंडानं जाणार होते? म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी.

माझं घर तिथून जवळ, म्हणून मी रिक्षातून उतरले आणि बाई बसल्या. ती बाटली त्यांच्या हातात होती आणि बाहेरून पाण्यानं डबडबली होती. बाईंनी ती माझ्यासमोर धरली.

"कुठून आलं?"

"हवेतून," मी म्हटलं.

"बरोबर." त्यांनी रुमालानं बाटली पुसली. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमचं राहिलंय, अनसूयाबाई. दुकान रोज नऊपर्यंत उघडं असतं. मी विचारून घेतलंय."

रिक्षा निघाली. बाईंनी तो ओला रुमाल वाळवायला बाहेर धरला होता. वळणावर रिक्षा दिसेनाशी झाली. तेवढ्या वेळात तो वाळला नसणार.